चढ आला की मागच्यानं उतरायचं

डबलसीट बसायचे आमच्या घरात कायदे होते आणि ते बाबांनी केलेले होते. चढ आला की मागच्यानं उतरायचं. उतरलेल्यानं चालत यायचं, आणि पुढच्यानं वर जाऊन, एक पाय फुटपाथवर टेकवून त्याची वाट बघायची. निघून जायचं नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे "उतर" म्हणायच्या आधी पुढच्यानं मागे वळून बघायचं, कुठली गाडी येतेय का ते.

मी शर्वरी. धाकटी बहीण मालविका, म्हणजे मालू. शाळा-कॉलेजची बारा वर्षं आम्ही दोघींनी एका सायकलवर काढली. पेडल मी मारायची. मालू मागे कॅरियरवर, दोन्ही पाय डावीकडे सोडून, अखंड बडबड करत. भांडण झालं की ही बया चालत्या सायकलवरून टुणकन उतरायची आणि गाल फुगवून फुटपाथनं चालायला लागायची. मग मी तिच्या शेजारून रखडत सायकल चालवत, "बस गं, बस की आता, लोक बघतायत" अशा विनवण्या करत जायची. अख्खा टिळक रोड आमची करमणूक बघायचा.

सहा वर्षांपूर्वी, दोघींचीही चाळिशी उलटून गेल्यावर, एका रविवारी मला हुक्की आली. म्हटलं, चल मालू, पूर्वीसारखं डबलसीट. वारज्याहून चांदणी चौकाकडे निघालो. चढाला माझा दम निघाला आणि मी म्हटलं, "उतर गं म्हशे, चढ आलाय." मागे बघितलं नाही. डावीकडून, चुकीच्या बाजूनं, एक टेम्पो पुढे घुसत होता.

मालू वाचली. कमरेखालचं सगळं गेलं. सहा वर्षांत ती त्या "उतर"बद्दल मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान मला तिच्यावर चिडता तरी आलं असतं.

तर आता त्या यंत्राबद्दल सांगते. मी गणिताची शिक्षिका आहे, त्यामुळे थोडक्यात सांगायची सवय नाही, पण प्रयत्न करते.

एरंडवण्यातल्या संशोधन केंद्रात डॉ. फरीदा तांबोळी म्हणून एक बाई आहेत. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, आणि समोरच्याला कधीही बोलू न देणाऱ्या. त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, "हिच्या कण्यातले सगळे धागे तुटलेले नाहीत. शंभरातले सात-आठ शाबूत आहेत. पण वरून निरोपच येत नाही, म्हणून झोपून राहिलेत. जागे करायचे तर निरोप पाठवत राहायला हवं. नुसतं 'पाय हल, पाय हल' म्हणून भागत नाही. तो निरोप शरीरानं आपणहून पाठवायला हवा."

शरीर आपणहून सगळ्यात जास्त निरोप कधी पाठवतं? तोल सावरताना. कानाच्या आत द्रवानं भरलेल्या तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. मान जरा कलली की तो द्रव हलतो, आणि आपल्याला पत्ताही न लागता पाठ, कंबर, मांड्या सावरून घेतात. सायकलवर मागे बसलेला माणूस मिनिटाला शेकडो वेळा असं सावरत असतो. म्हणून तांबोळीबाईंनी एक खुर्ची बनवली. शहरात खरी सायकल फिरते, तिचा प्रत्येक हिसका, प्रत्येक कल, प्रत्येक खड्डा केंद्रातल्या त्या खुर्चीला जसाच्या तसा पोचतो. बसणाऱ्याचे डोळे बांधलेले. डोळे उघडे असले तर मेंदू त्यांच्यावर विसंबतो आणि पाठीला सुट्टी देतो.

पहिले सगळे प्रयोग फसले. रुग्णांना भडाभडा उलट्या झाल्या आणि पाय तसेच थंड. का, ते शोधायला बाईंना तीन वर्षं लागली. खुर्ची माणसाला हलवत होती, पण माणूस हलला तर सायकलला त्याचं काहीच नव्हतं. "शरीर मूर्ख नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही तोल सावरला आणि पलीकडून कुणी दादच दिली नाही, तर ते चार वेळा प्रयत्न करतं आणि सोडून देतं."

म्हणून मग कॅरियरवर पेटी आली. पेटीत सरकतं वजन आणि मागच्या चाकाला जोडलेली मोटर. मालू खुर्चीत डावीकडे कलली की पेटीतलं वजन डावीकडे सरकतं, आणि मला मागे खरोखर कुणी बसल्यासारखा भार लागतो. मी सायकल सावरते, ते सावरणं परत तिला पोचतं. याचं सरकारी नाव 'सहतोल यंत्र'. आम्ही त्याला डबलसीटच म्हणायचो.

सायकल चालवायला कुणीही परका चालत नाही. ज्याच्या पेडलची लय शरीराच्या ओळखीची आहे, तोच माणूस हवा. आणि एका बैठकीत निदान दहा तास. मैदानात पायवाट पडते ना, रोज त्याच जागेवरून गेलं की, तसं आहे ते. म्हणजे दर रविवारी, पहाटे साडेपाच ते संध्याकाळपर्यंत, पुण्याभोवती सायकलींसाठी बांधलेला तो चौऱ्याण्णव किलोमीटरचा रस्ता. लोक त्याला 'वळसा' म्हणतात. लोक तिथं मजेत फिरायला येतात, भेळ खातात, फोटो काढतात. मी मालूला घेऊन फिरायची.

पहिले पाच-सहा महिने फार छान गेले. मालू कानातल्या फोनवर विचारायची, "कुठं आलो?" मी सांगायची, "खडकी. डावीकडे गुलमोहर." ती म्हणायची, "सावलीतनं चालव की जरा." तिला सावली लागत नव्हती, मला लागत होती, आणि तिला ते कळत होतं.

पण चढ. देवा रे, ते चढ! वळशावर तीन मोठे चढ आहेत. कोंढवा, कात्रज आणि शेवटी वारजे ते चांदणी चौक. एकोणपन्नास वर्षांची बाई, गुडघ्यात वंगण नाही, मागे मोटरनं दिलेला बहिणीचा भार. नियमाप्रमाणे चढावर मालूनं उतरायला हवं होतं. म्हणजे खुर्चीत पुढे सरकून डावं पाऊल खालच्या पट्टीवर रेटायचं. तसं झालं की मोटर उलट मला मदत करते आणि सायकल पिसासारखी होते. पण पाय हलत नव्हता, म्हणून ती उतरू शकत नव्हती, म्हणून मी तिला ओढत होते.

एकदा कात्रजच्या पुलाखाली पेटीचं नेटवर्क गेलं. खुर्ची एकदम थांबून माणसाला भोवळ येऊ नये म्हणून यंत्रात सोय होती. त्याच जागेची जुनी फेरी साठवलेली असायची, आणि नेटवर्क येईपर्यंत खुर्चीला टेपसारखी तीच वाजवली जायची. तेवढा वेळ पेटी मोकळी. फोनचं नेटवर्क वेगळं, त्यामुळे मालूची बडबड चालूच. आणि माझी सायकल, काय सांगू, वाऱ्यावर. मी कात्रजचा चढ शीळ घालत चढले.

पुढच्या रविवारी कोंढव्याला थालीपीठ खाल्लं आणि ज्या चंदेरी कागदात ते गुंडाळलं होतं, तो पेटीच्या करंगळीएवढ्या अँटेनाला गुंडाळला. सहज. फक्त त्या एका चढापुरता. वर गेल्यावर काढला.

'फक्त' हा शब्द फार वाईट आहे. त्यानंतर मी दर रविवारी तिन्ही चढांना कागद गुंडाळला. सायकल हलकी व्हायची, वारा लागायचा, मी एकटी असायची. मालू कानात म्हणायची, "दमलीस का गं ताई?" आणि मी मुद्दाम धापा टाकून दाखवायची. धापा! शाळेत कॉपी करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर काढते.

*

त्या रविवारी पहाटे केंद्रात गेले तर तांबोळीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मालू खुर्चीत, डोळ्यांना पट्टी बांधायची बाकी होती.

"शर्वरी, आज शेवटचा दिवस," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. नियम आहे. पुढच्या रविवारपासून ही खुर्ची बार्शीच्या एका मुलीला जाणार. आज हिचा पाय एकदा, फक्त एकदा उतरायला उठला, तर मी आणखी एक वर्ष भांडून घेईन."

"सुधारणा तर होतीये ना?" मी विचारलं.

"हे बघ." त्यांनी पडद्यावर आलेख लावला. "सपाटीवर पाठ, कंबर, सगळीकडे रेघ वर चाललीये. वळणावर मांडीसुद्धा थोडी बोलते. आणि चढ आला की सपाट. मेल्यासारखी. मला कळतच नाही. जणू चढावर हिला कुणी दादच देत नाही." मग त्या वैतागून म्हणाल्या, "त्यात नेमका चढांवरच सिग्नल जातो! मी त्या नेटवर्कवाल्यांशी सहा महिने भांडतीये. टॉवर वाढवून घेतले दोन. तरी तेच."

इतके दिवस मला वाटत होतं की मी तिच्या दहा तासांतली पाऊण तासाची हजेरी चुकवतेय. पाऊण तासानं काय बिघडतं? आणि तिचा पाय जिथं उठायला शिकणार होता, नेमकं तिथंच मी तिला टेपच्या हवाली करून पुढे निघून जात होते.

"डॉक्टर, तुम्ही उगाच टॉवरला शिव्या देता," मालू हसत म्हणाली. "चढ आला की मी घाबरते. तो टेम्पो आठवतो. दोष माझाच आहे. ताई बिचारी ओढतीये दोन वर्षं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण बाई पट्टी बांधायला लागल्या आणि मी हेल्मेट घातलं.

निघाले. खडकी, विश्रांतवाडी, खराडी. हवा छान होती, नदीवरून गार वारा येत होता. वळशावर माणसंच माणसं. कुणी पोरांना पुढे बसवलेलं, कुणी गाणी लावलेली. मागे मालूचा भार जाणवत होता, डावीकडे कलणारा, वळणावर जरा मागे रेलणारा. अगदी तीच. दोन्ही पाय डावीकडे सोडून बसलेली.

"कुठं आलो?"

"विश्रांतवाडी मागे पडली. आता खराडीचा पूल."

"आज गप्प आहेस."

"ऊन लागतंय."

हडपसरजवळ एक बाई कोकम सरबताची गाडी लावून बसली होती. म्हणाली, "एकट्याच फिरताय जणू?"

"नाही, डबलसीट," मी सवयीनं म्हटलं.

तिनं रिकाम्या कॅरियरवरच्या पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता दोन ग्लास भरले. कानात मालू खुदखुदली. "माझं पण तूच पी. पण बर्फ कमी घे, घसा धरेल तुझा." मी दोन्ही ग्लास प्यायले.

कोंढव्याचा चढ आला. डब्यात थालीपीठ होतं, कागदात गुंडाळलेलं. डब्याला हात लावला नाही. तशीच चढायला लागले. मांड्या पेटल्या. मागून मालूची धडपड पेटीतून मला कळत होती. वजन पुढे सरकायचं, मागे जायचं, परत पुढे. ती उतरायचा प्रयत्न करत होती. किती जीव तोडून करत होती! दोन वर्षं ती दर चढाला असं करत असणार आणि मी वारा खात होते.

वर पोचले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. "नाही जमलं गं," ती म्हणाली.

"मालू, ऐक, मला तुला..."

"कात्रजला बघू. तू पाणी पी आधी."

कात्रजला तेच. या वेळी ती शेवटी शेवटी रडली. आवाज न करता रडली, पण पेटी थरथरत होती ना. माणूस फोनवर लपवू शकतो, कॅरियरवर नाही.

साडेचारला वारज्याच्या पुलापाशी थांबले. समोर शेवटचा चढ. तोच.

"ताई," मालू हळू आवाजात म्हणाली, "पुरे झालं. डॉक्टर बाहेर गेल्यात जरा. मी त्यांना सांगते, सिग्नल गेला म्हणून. नेहमीसारखा. तू खालच्या रस्त्यानं सावकाश ये. बार्शीच्या मुलीला मिळू दे खुर्ची. माझ्यात काही ते धैर्य नाही, आणि तुझे गुडघे मला आता ऐकवत नाहीत."

नेहमीसारखा, म्हणाली ती.

"सिग्नल कधी गेलाच नव्हता," मी म्हटलं.

"काय?"

"चढावर सिग्नल जात नव्हता, मालू. मी अँटेनाला कागद गुंडाळत होते. थालीपिठाचा. म्हणजे पेटी मोकळी व्हायची आणि तुझ्या खुर्चीत जुनी फेरी लागायची. तू घाबरत नव्हतीस. तू सावरत होतीस आणि पुढे कुणी नव्हतंच. तुझ्यात काही कमी नाही. मीच नव्हते."



"किती वेळा?"

"मालू, खरंच..."

"गणिताची बाई ना तू? किती वेळा?"

"एकसष्ट रविवार."

"मी सॉरी म्हणायचे तुला. वर पोचल्यावर. दर वेळी. तू म्हणायचीस, असू दे गं. धापा टाकत म्हणायचीस."

"हो."

"त्या धापा पण खोट्या?"

"त्या पण."

"आणि सहा वर्षं मी तोंड शिवून बसले. तुला वाईट वाटेल म्हणून. तू तेव्हा पण मागे बघितलं नव्हतंस, ताई. एकदा वळून बघितलं असतंस तर!"

आलं. सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते एकदाचं आलं, आणि मला वाटलं होतं तसं चिडायला काही सुचलं नाही. मी पुलाखाली सायकल धरून ढसाढसा रडले. येणारे-जाणारे वळून बघत होते.

"चालव," मालू म्हणाली.

"मालू..."

"चालव म्हणते ना. चढ."

मी चढायला लागले. मागचा भार नेहमीपेक्षा दुप्पट होता, की मला वाटत होतं तसा. पेटीतलं वजन मध्ये घट्ट बसलं होतं, हलत नव्हतं. मालू ताठ बसली होती. तिला मी ओळखते. आठवीत माझ्याशी बोलणं टाकलं होतं तेव्हा अशीच बसायची. अर्धा चढ झाला. टेम्पोची जागा आली. मी मान वळवून मागे बघितलं. रस्ता मोकळा होता, एक म्हातारा जोडीनं सायकली चालवणाऱ्या नातींच्या मागे येत होता, बाकी कुणी नाही. मला "उतर" म्हणायचा धीर झाला नाही.

"थांबव," मालू म्हणाली.

"अगं, चढावर कशी..."

"थांबव सायकल! मला उतरायचंय. तुझ्या मागे नाही बसायचं मला!"

पेटीनं डावीकडे असा हिसका दिला की हँडल हातातून सुटता सुटता राहिलं. आणि मग भार गेला. एकदम. सायकल वाऱ्यावर झाली, पेडल आपोआप फिरायला लागलं.

हा हलकेपणा माझ्या चांगला ओळखीचा होता. सिग्नल गेला, आजच, आत्ताच खरोखरचा गेला! मी ब्रेक दाबला, उतरले, अँटेनाला हात लावला. अँटेना उघडा. कागद डब्यात. पेटीवरचा हिरवा दिवा नीट चालू.

कानात काहीतरी धडामधुडुम चाललं होतं. दार आपटलं, आणि तांबोळीबाई अशा ओरडल्या की मला फोनशिवायही ऐकू आलं असतं. "पाऊल! पाऊल टेकलंय! अगं ए, कुणीतरी इकडे या! मालविका, काय केलंस तू? परत कर, नको नको, तशीच राहा, हलू नकोस!"

मालू नुसती श्वास घेत होती, मोठेमोठे, खरेखुरे.

"मालू?" मी म्हटलं. "मालू, बस गं. बस की आता."

"नाही बसणार."

रस्त्यावरचा तो म्हातारा माझ्या शेजारून पुढे गेला, त्याच्या नाती हसत पुढे गेल्या. मी हँडल धरून तशीच उभी. काय करावं कळेना. वळून जावं का, केंद्रात पळत जावं का, तिचे पाय धरावेत का?

"ताई," ती म्हणाली. राग होता आवाजात, अगदी पुरेपूर. "इथं काय उभी राहिलीस? वर जाऊन थांब. मी चालत येणारे." मग म्हणाली, "वेळ लागेल."

मी सायकलवर बसले. उरलेला चढ एवढा हलका लागला की मला तो सहन होईना. वर पोचल्यावर एक पाय फुटपाथवर टेकवला आणि मागे बघत उभी राहिले.